मुंबईला नळाचं पाणी कधी आलं, त्याचं श्रेय इंग्रजांचं की पालिकेचं, आणि त्यानं स्वच्छतेत काय फरक पडला?

तारखा पटकन सांगतो. आधी विहिरी आणि तलाव, ते उन्हाळ्यात आटायचे आणि घाण व्हायचे, म्हणून १८६० मध्ये विहार तलाव झाला आणि नळाचं पाणी आलं, मग १८७९ ला तुळशी. शहर वाढतच गेलं, ते पुरेना म्हणून १८९२ ला तानसा. आणि इथून पुढची गोष्ट नुसती मुंबईची राहत नाही, कारण तानसा ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात आहे आणि मी शहापूरचा.

तुम्ही विचारलंय की श्रेय इंग्रजांचं की पालिकेचं. इंजिनियर लोकांचं कौतुक आहेच, तानसाचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून नुसत्या उतारानं मुंबईत आणलं, हे काम भारीच होतं. पण परळला चुलत भावाच्या साखरपुड्यात त्याचे होणारे सासरे आईला म्हणाले, "वहिनी, तुमच्याकडे एवढी धरणं आणि तरी तुम्ही टँकर मागता, नियोजन नाही हो गावाकडं." आई काहीच बोलली नाही. त्याच मे महिन्यात ती हंडे घेऊन टँकरची वाट बघत उन्हात उभी राहायची, आणि गावाजवळून मुंबईची पाइपलाइन जाते, एवढी मोठी की लहानपणी आम्ही तिच्यावरून चालायचो, पण त्यातलं थेंबभर पाणी आम्हाला नाही. मी तिथंच बोलायला हवं होतं असं सगळे म्हणतात, पण आईनंच डोळ्यांनी नको म्हटलं, पोराचं लग्न होतं ना.

तर साखरपुड्यातले सासरे काका, हे वाचत असाल तर ऐका. भातसा धरणही शहापुरातच आहे आणि आज मुंबईचं जवळजवळ निम्मं पाणी एकट्या भातसाचं. पांजरापूर आणि भांडुपला शुद्ध होऊन ते तुमच्या नळाला येतं. जमीन आमची बुडाली, आदिवासी पाडे उठले, आणि आमच्याच तालुक्यात दर उन्हाळ्यात टँकर फिरतो. याला नियोजनाचा अभाव म्हणायचं असेल तर तो गावाचा नाही. आधी धरणाखालच्या गावांना नळ द्या, मग पाइप पुढं न्या, एवढं साधं आहे.

हां, सगळ्या मुंबईला भरपूर पाणी मिळतं असंही नाही, झोपडपट्टीत लोक आजही हंड्यासाठी रांगा लावतात, त्यांच्यावर माझा राग नाही. स्वच्छतेचं विचारलंत तर नळाचं पाणी आल्यावरही जुन्या विहिरी वापरात होत्या, नंतर मलेरियाच्या डासांमुळे पालिकेनं त्यातल्या बऱ्याच बुजवल्या नाहीतर झाकायला लावल्या.