हात घे, निकाल घेऊ नकोस

प्रिय मुली,

लहानपणी ज्या मामांनी बंद पडलेला रेडिओ पुढ्यात ठेवून हातात स्क्रू-ड्रायव्हर दिला, तेच मामा आज ‘हा नाद सोड’ म्हणत असतील तर ऐकायचे कुणाचे, असे तू विचारतेस. तुला हा प्रश्न नवा आहे, मला तो फार जुना आहे. म्हणून उत्तर देताना माझा आवाज मधूनमधून चढेल, हे आधीच सांगून ठेवतो. तू हुशार आहेस, चिकाटी सोडू नकोस वगैरे मी लिहिणार नाही. एका हातानेच कामे करावी लागणाऱ्या माणसाला बाटलीचे झाकण उघडता यावे, यासाठी तू जे साधन करायला घेतलेस, ते त्या वाक्यांनी पुढे सरकणार नाही. पण ते साधन अर्धवट टाकून तू मला दोन पाने मामांच्या ऋणाबद्दल लिहितेस, याची मला चीड येते. ऋण आहेच. ते आज्ञा पाळून फिटते, असे तुला कुणी सांगितले?

माझे म्हणणे एकच आहे आणि ते मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे: ज्याने शिकवले त्याचा हात घ्यावा, त्याचा निकाल घेऊ नये. वस्तू कशी उघडायची, कुठे पाहायचे, निसटलेला भाग पुन्हा कसा बसवायचा, हे त्याच्याकडून जन्मभर घेत राहावे. ‘हे होईल’, ‘हे होणार नाही’, ‘हे तुझे काम नव्हे’ हे मात्र त्याने सांगितले तरी ऐकून घ्यावे आणि आपल्या कामाला लागावे.

मायकेल फॅरेडेचे उदाहरण तुला अर्धेच माहीत असते. लोहाराचा हा मुलगा १८०५ साली, चौदाव्या वर्षी, जॉर्ज रीबो नावाच्या पुस्तकबांधणी करणाऱ्याकडे उमेदवारीला लागला. बांधायला आलेली पुस्तके तो वाचत असे आणि रीबो त्याला ती वाचू देत असे. दुकानात छोटे प्रयोग करायलाही त्याची ना नव्हती. पुढे दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने दिलेल्या तिकिटांवर फॅरेडेने हम्फ्री डेव्ही या नामांकित रसायनशास्त्रज्ञाची व्याख्याने ऐकली, त्यांची टिपणे बांधून डेव्हीला पाठवली आणि १८१३ मध्ये डेव्हीने त्याला आपल्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून घेतले. इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. पुढची गोष्ट अशी, की रॉयल सोसायटी या इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांच्या संस्थेच्या सदस्यत्वासाठी फॅरेडेचे नाव पुढे आले तेव्हा विरोध करणारा माणूस त्या संस्थेचा अध्यक्ष, म्हणजे खुद्द डेव्ही होता. १८२४ मध्ये फॅरेडे तरीही निवडून आला आणि १८३१ मध्ये त्याने विद्युतचुंबकीय प्रवर्तन, म्हणजे बदलत्या चुंबकत्वातून वीज निर्माण होते हे, शोधून काढले. डेव्हीबद्दल तो पुढेही आदरानेच बोलत राहिला. प्रयोग करण्याची रीत त्याने डेव्हीकडून घेतली होती. आपली पायरी कोणती, हे मात्र डेव्हीला ठरवू दिले नाही. मला विचारशील तर या गोष्टीत डेव्हीपेक्षा रीबो मोठा वाटतो. त्याने मुलाला जागा दिली, पुस्तके दिली आणि निकाल द्यायच्या फंदात तो पडलाच नाही.

राइट बंधूंच्या घरीही तसेच होते. वडील मिल्टन हे धर्मगुरू. १८७८ मध्ये त्यांनी मुलांना रबरबँडच्या पिळावर उडणारे एक खेळणे आणून दिले. आई सुझन ही गाड्या बांधणाऱ्या कारागिराची मुलगी, हत्यारे वापरण्यात तरबेज. घरातल्या लहानसहान वस्तू ती स्वतः करत असे. यंत्रातले काही अडले की मुले आईकडे जात. यांपैकी कुणीही मुलांना विमान करायला सांगितले नव्हते. उलट मुले खरोखर उडू लागल्यावर वडिलांनी त्यांच्याकडून एक कबुली घेतली, की दोघांनी एका वेळी एका विमानात बसायचे नाही. एखादा अपघात झालाच तर एक मागे राहावा. ही कबुली मुलांनी पाळली आणि काम थांबवले नाही. १९१० मध्ये वडिलांच्या परवानगीने दोघे एकदाच एकत्र उडाले, आणि त्याच दिवशी एक्याऐंशी वर्षांचे मिल्टन ऑरव्हिलच्या शेजारी बसून पहिल्यांदा आकाशात गेले. ‘आणखी वर, ऑरव्हिल’ असे ते म्हणाले, अशी नोंद आहे. भीती कशाची वाटते हे घरच्यांना विचारावे आणि शक्य तेवढी काळजी घ्यावी. काम करावे की नाही, हे त्यांना विचारण्याची गरज नसते.

आता माझे सांगतो, कारण त्याशिवाय मी इतका हट्टाने का बोलतो हे तुला कळणार नाही. माझी आत्या शिलाईची मशीन दुरुस्त करत असे. सुईने खाली नेलेल्या धाग्याचा फास शटल कसा पकडते आणि बॉबिनभोवती, म्हणजे खालच्या धाग्याच्या रिळाभोवती, कसा फिरवून आणते, हे तिने मला चाक हाताने अगदी सावकाश फिरवून दाखवले होते. वरच्या आणि खालच्या धाग्याचा ताण जुळला की गाठ कापडाच्या जाडीत दडते, नाहीतर वर किंवा खाली उघडी पडते, हे मी तिच्या मांडीला मांडी लावून शिकलो. ‘बिघडली’ हा शब्द तिला चालत नसे. कुठे अडते ते बोट ठेवून दाखव, असे ती म्हणे. पुढे मी नोकरी सोडून, बॉबिनमधला धागा संपताक्षणी मशीन थांबवणारे साधन करायला बसलो, तेव्हा सर्वांत मोठा विरोध तिचा होता. दुरुस्ती करणाऱ्याने दुरुस्ती करावी, असे तिचे ठाम मत होते आणि ते तिने शेवटपर्यंत बदलले नाही. साधन धडपणे चालू लागले तोवर ती गेली होती. नातेवाईक आजही म्हणतात, की त्या वर्षांत मी तिचे मन राखायला हवे होते. मी म्हणतो, ते मन राखले असते तर तिने दिलेला हात माझ्याजवळ नुसता पडून राहिला असता. बॉबिन फिरायची थांबली हे ओळखण्याची युक्ती मला सुचली, ती चाक हाताने सावकाश फिरवताना, म्हणजे तिच्याच पद्धतीने. तिने ते पाहिले नाही याची खंत आहे; पश्चात्ताप नाही. तुला हे कठोर वाटेल. वाटू दे.

हे लिहिताना मी तुझ्या मामांवर अन्याय करत नाही ना, हे तपासायला तुझे पत्र पुन्हा वाचले. ते दोन गोष्टी म्हणाले आहेत आणि तू त्या दोन्ही एकत्र कालवल्या आहेस. एक, ‘पकड घट्ट धरणारी स्प्रिंग काही दिवसांत सैल पडेल.’ दोन, ‘असली साधने पूर्वीच कुणीतरी केलेली असतात, तू नोकरीकडे लक्ष दे.’ पहिले वाक्य सोन्याचे आहे. वर्षानुवर्षे हाताळलेल्या स्प्रिंगांचे शहाणपण त्यात आहे आणि ते तुला फुकट मिळते आहे. दुसरे वाक्य काळजीपोटी आलेले आहे. त्याला नमस्कार कर आणि पुढे चल. पण तू नेमके उलटे केलेस, बाई! स्प्रिंग तशीच ठेवलीस आणि काम सोडलेस.

निकाल न देता वाट दाखवणारा शिक्षक क्वचित भेटतो. टेंपल ग्रँडिन स्वमग्नता (ऑटिझम) असलेली मुलगी. सावत्र वडिलांच्या बहिणीच्या गुरांच्या रँचवर जनावरांना दोन्ही बाजूंनी दाबून शांत उभे करणारा पिंजरा तिने पाहिला आणि स्वतःसाठी तसेच दाब देणारे यंत्र केले. शाळेतल्या मोठ्यांना ते विचित्र वाटले, त्यांना ते काढून टाकायचे होते. विल्यम कार्लॉक हे तिचे विज्ञानशिक्षक मात्र तिला म्हणाले, की दाबाने शांत का वाटते ते शास्त्रीय रीतीने शोधून काढ. त्यासाठी तिला संशोधनपत्रिका वाचायला शिकावे लागले. चांगले की वाईट, हे त्यांनी सांगितलेच नाही. असा माणूस तुला मिळाला तर त्याला सोडू नकोस. नाही मिळाला तर कुरकुरत बसू नकोस, तो प्रश्न स्वतःला विचारता येतो.

स्टेफनी क्वोलेक या रसायनशास्त्रज्ञ बाईचे वडील ती दहा वर्षांची असताना गेले. रानात फिरताना पाने, बिया, रानफुले गोळा करून ती नीट पाहायला त्यांनी तिला शिकवले होते, आणि आईमुळे तिला कापडाची, शिवणकामाची गोडी लागली होती. १९६५ मध्ये ड्यूपाँट या रसायन कंपनीत नव्या धाग्यांवर काम करताना तिच्यासमोर एक पातळ, गढूळ द्रावण आले. असे द्रावण सहसा फेकून देत. धागा काढणारा तंत्रज्ञही ते यंत्रात घालायला आधी तयार नव्हता, भोके बुजतील म्हणून. तिने हेका धरला आणि त्यातून केव्हलार नावाचा कृत्रिम धागा निघाला, वजनाच्या मानाने पोलादाच्या पाचपट बळकट. वडिलांना विचारायची सोयच तिला उरली नव्हती. गढूळ दिसते म्हणून न टाकता नीट पाहायची सवय मात्र तिच्याजवळ होती.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सुमारे बारा लाख शोधकांच्या नोंदी तपासल्या होत्या. मूल ज्या तंत्राच्या सहवासात वाढते त्याच तंत्रात पुढे शोध लावण्याकडे त्याचा कल असतो, आणि मुलींच्या बाबतीत शोध लावणाऱ्या स्त्रिया आसपास असण्याने विशेष फरक पडतो, असे त्यात दिसले. सहवासाचे हे दान तुझ्या मामांनी तुला कधीच देऊन टाकले आहे. आता त्यांच्याकडे परवानगीही मागणे म्हणजे त्यांच्यावर नसते ओझे टाकणे आहे.

तेव्हा येत्या सुट्टीत ते साधन घेऊन मामांकडे जा. करू की नको, हे विचारू नकोस. विषय निघालाच तर बदल. फक्त स्प्रिंग पुढ्यात ठेव, आणि तार जाड घ्यावी की वेटोळी वाढवावीत, एवढेच विचार. ते काय म्हणतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून घे, झाकणाच्या कोणत्या मापाला पकड निसटते ते मोज आणि दोन्ही मला कळव.

तुझा,
एक जुना दुरुस्तीवाला