बेसबॉलपटू हँक आरनचा ७५५ होमरनचा (थेट मैदानाबाहेर मारलेल्या फटक्यांचा) विक्रम बॅरी बाँड्सने मोडला, तरी आरनला इतकं मोठं का मानतात?

कारण आरनचं मोठेपण त्या एका आकड्यावर उभंच नाही. त्याच्या ३,७७१ हिट्समधून (म्हणजे बेस गाठून देणाऱ्या यशस्वी फटक्यांमधून) सगळे ७५५ होमरन वजा करा, तरी ३,०१६ उरतात; आणि ३,००० हिट्स म्हणजे दिग्गजांच्या पंक्तीत बसायचं माप. एका हंगामात ५० होमरन त्याने कधीच मारले नाहीत, सर्वाधिक ४७, तेही १९७१ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी. वर्षानुवर्षं न थकता मारत राहणं ही त्याची खरी ताकद. बाँड्स २००७ मध्ये ७६२ वर थांबला, पण २,२९७ आरबीआय (म्हणजे फटक्यांवर संघाला मिळवून दिलेल्या धावा) आणि ६,८५६ एकूण बेस (म्हणजे हिट्सवर गाठलेल्या बेसची बेरीज) हे विक्रम अजून आरनच्याच नावावर आहेत. एकूण बेसमध्ये दुसरा असलेला अल्बर्ट पुहोल्स तब्बल ६०० हून जास्त मागे राहिला.

शिवाय त्याने हे कुठल्या परिस्थितीत केलं तेही बघा. अलाबामातल्या मोबील शहरातला हा कृष्णवर्णीय मुलगा आधी निग्रो लीगमध्ये (कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगमध्ये) खेळला आणि १९५४ मध्ये मिलवॉकी ब्रेव्ह्ज संघाकडे आला. १९७३ चा हंगाम संपला तेव्हा तो ७१३ होमरनवर होता, तोवरचा विक्रमवीर बेब रूथपेक्षा एकच कमी. तो अख्खा हिवाळा वर्णद्वेषी पत्रं आणि जिवे मारण्याच्या धमक्या येत होत्या. ८ एप्रिल १९७४ ला अटलांटात पिचर (चेंडू टाकणारा) अल डाउनिंगच्या चेंडूवर ७१५ वा होमरन गेला. होम प्लेटवर (धाव पूर्ण होते त्या जागी) आईने त्याला घट्ट मिठी मारली. तो व्हिडिओ जरूर पाहा.