शिवणकाम येत असेल तर गोधडी जमतेच का?

तुम्ही विचारलंय की ब्लाउज, कुर्ते मशीनवर शिवता येतात, मग गोधडी वेगळी शिकायची गरज आहे का, शेवटी दोन्ही सुई-दोऱ्याचीच कामं ना? गरज आहे. मी २१ वर्षं ब्लाउज शिवतेय आणि तरीही माझ्या पहिल्या गोधडीचा एक कोपरा चांगला चार बोटं लांब झाला होता.

जुन्या दोन सुती साड्या, मध्ये चादर, आणि सरळ टिपा मारायला बसले. मशीनचे दाते खालचं कापड पुढे ढकलतात, वरचं मात्र कापड दाबून धरणाऱ्या फूटखाली अडून मागे राहतं. ब्लाउजच्या वीतभर शिवणीत हे कळतही नाही. पाच-सहा फुटांच्या टिपेत ते साचत जातं आणि शेवटी वरच्या थराला चुण्या पडतात. (वॉकिंग फूट म्हणून एक जोड मिळतो, तो वरचा थरही सोबत सरकवतो. तेव्हा मला ठाऊक नव्हता.) सासूबाई बघून हसल्या. "अगं, ब्लाउजासारखी ओढत बसलीस होय तिला? वाकळ जागची हलवायची नाही, आपण तिच्याभोवती फिरायचं." (वाकळ म्हणजे गोधडीच.)

तिथे मला फरक कळला. कपडा शिवताना सपाट कापडाला अंगाचा गोलवा द्यायचा असतो. टक्स, मुंडा, गळा, कटोरी, सगळी अक्कल मापात आणि कात्रीत. शिवण आत लपवायची, उद्या अंग भरलं तर उसवता यावं म्हणून माया, म्हणजे शिवणीबाहेरचं जास्तीचं कापड, सोडायची. वरून टाका दिसला की गिऱ्हाईक बोललंच. गोधडीला आकार द्यायचाच नसतो. ती सपाटच राहायला हवी, फक्त आतले थर सरकू नयेत आणि धुतल्यावर गोळा होऊ नयेत. म्हणून तिचा टाका अंगभर असतो, आणि उघड असतो. साधा धावदोराच, पण तोच तिची नक्षी.

आमच्या साताऱ्याकडे पद्धत अशी: खालचं लुगडं जमिनीवर ताणून पसरायचं, कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, जे जड सापडेल ते ठेवायचं. वर धोतर, परकर, शर्टाचे तुकडे. शर्टाच्या शिवणी आणि कॉलर आधी काढून टाका, नाहीतर तिथे सुई अडते आणि रात्री पाठीला टोचतं. मग वरचं लुगडं, लांब लांब कच्चे टाके, आणि कडेपासून सुरुवात करून बोटभर आत दुसरी ओळ, तिसरी ओळ, असं फिरत मध्यापर्यंत. कर्नाटकात उत्तर कन्नडमधल्या सिद्दी (मूळच्या आफ्रिकन वंशाच्या) समाजातल्या बायकांची कवदी, म्हणजे त्यांची गोधडीही अशीच कडेकडून आत जाते. त्या शेवटी चारही कोपऱ्यांना कापडाच्या घडीची छोटी फुलं लावतात, फुलांशिवाय कवदी त्यांना उघडी वाटते. पाश्चात्त्य क्विल्टवाल्या मात्र बहुधा मधून बाहेर जातात, म्हणजे फुगवटा कडेला निघून जातो. त्यांचा वरचा थर नव्या कापडाच्या तुकड्यांचा असतो आणि ते जोडताना पाव इंचच माया धरतात. ते काम आपल्या शिवणकामाच्या जास्त जवळचं. तुम्हाला ते लवकर जमेल असं मला वाटतं.

कापडाचंही उलट असतं. ब्लाउजचं अस्तर आधी भिजवून घ्यावं लागतं, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटतं. गोधडीचं कापड वर्षानुवर्षं धुतलेलं, आटायचं ते आटून झालेलं, आणि इतकं मऊ की सुई आपोआप जाते. नव्या कडक कापडाची गोधडी शिवून बोटं सुजवून घेऊ नका. सिंथेटिक साडीही नको, ती थरांतून निसटते.

पहिल्यांदा बाळाचं दुपटं करा, हातभर लांब-रुंद, तीनच थर. त्याहून जाड केलंत तर पावसाळ्यात ते चार दिवस वाळत नाही, आणि बाळाच्या घरात दुपटी किती लागतात ते तुम्हाला माहीत असेलच.