‘उद्या निघून जाणाऱ्यांचं नाव कशाला नोंदवायचं?’

बेळगाव शहरातल्या एका कॅथलिक धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) कौन्सिलवरचे गृहस्थ पत्नीसह समुपदेशनाला आले होते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, पण त्यांचा प्रश्न इकडच्या बऱ्याच चर्चमध्ये ऐकू येतो.

“उद्यमबागच्या फौंड्रीत कामाला असलेली झारखंडची काही कुटुंबं रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चच्या उपासनेला, येतात. मागच्या बाकांवर बसतात, शेवटचा आशीर्वाद झाला की निघतात. त्यांतल्या एकीनं बाळाचा बाप्तिस्मा मागितलाय. चर्चचं कार्ड नाही, वर्गणी नाही, इथं येऊन वर्षही झालेलं नाही, उद्या ठेकेदार दुसरीकडे नेईल. नाव कशाला नोंदवायचं? आणि नाही म्हणावं तर मन खातं.”

खरी धास्ती पत्नीच्या बोलण्यात आली. “हिंदी मिस्सा सुरू झाली की वेळ आमच्याच मिस्साची जाणार.” याला कोतेपणा म्हणून बाजूला सारू नये. रविवारच्या सकाळी मराठी, कोंकणी, कन्नड आणि इंग्रजी यांची वाटणी करताना फादरांची किती ओढाताण होते ते सगळ्यांना माहीत आहे, आणि भाषेवरून इथं माणसं किती हळवी आहेत हेही. ही भीती कौन्सिलमध्ये उघड मांडा, असं दोघांना सांगितलं. ती पोटात राहिली की ‘आधी कागद आणा’ या रूपात बाहेर पडते, आणि समोरच्याला वाटतं की आपल्यात काहीतरी खोट आहे.

कागदाचंच पाहू. चर्चच्या कायद्यात वर्षभराची अट कुठेच नाही. पाच वर्षं राहिलेला माणूस कायमचा रहिवासी. पण तीन महिने राहण्याचा इरादा असला, किंवा तेवढे दिवस प्रत्यक्ष काढले, की त्याला तात्पुरता रहिवासी धरतात आणि इथले फादर त्याचे धर्मगुरू होतात (कलम 102 आणि 107). वीटभट्टीचा एक हंगाम करायला आलेलं कुटुंबही यात बसतं. वर्गणी थकली म्हणून संस्कार अडत नाही, गरिबीमुळे कुणी संस्कारांना मुकू नये असं कलम 848 सांगतं. बाप्तिस्म्यासाठी आई किंवा वडील यांपैकी एकाची संमती हवी आणि बाळ श्रद्धेत वाढेल अशी साधार आशा हवी. आईवडिलांचं चर्चमध्ये लग्न झालेलं नाही, एवढ्यावरून बाळाला परत पाठवता येत नाही. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण झारखंडच्या आदिवासी भागात गावजेवणाचा खर्च झेपत नाही म्हणून काही जोडपी लग्नाआधीच एकत्र राहू लागतात. तिकडे त्याला ढुकू म्हणतात. अशा जोडप्याला बाळाच्या तयारीसोबतच त्यांच्या लग्नाचंही विचारावं. दोघांपैकी एकाचा इथं महिनाभर मुक्काम झाला असेल तर विवाहसंस्कार इथंच होऊ शकतो.

बाळाच्या आईशी वेगळं बोलणं झालं. ती झारखंडच्या गुमला भागातली. कुणी अपमान केला का, तर नाही. नाव कुणी विचारलं का, तर तेही नाही. गावाकडे चर्चचा प्रचारक घरोघरी येतो, मांदरच्या तालावर सगळा मंडप गातो आणि ती गाण्यात पुढे असते. इथं तिला मिस्साची उत्तरंही येत नाहीत. एका रविवारी एक बाई आपणहून बोलायला आली आणि हातात जुन्या साड्यांची पिशवी देऊन गेली. पुढचे काही रविवार बाळाची आई फिरकलीच नाही. साड्या चांगल्या होत्या, पण चर्चमधली तिची पहिली ओळख घेणारी म्हणून झाली होती. मदत जरूर करावी, पण आधी नाव कळू द्या, घरी एक चहा होऊ द्या.

यावर कौन्सिलला सुचवलेली कामं अगदी साधी होती. मिस्सानंतर दाराशी दोघं उभे राहतील, त्यांतला एक हिंदी बोलणारा. वहीत लिहायचं ते नाव, गावच्या धर्मग्रामाचं आणि धर्मप्रांताचं नाव, बाप्तिस्म्याचं साधारण साल आणि दोन फोन नंबर, एक इथला आणि एक गावाकडचा. इथलं सिमकार्ड बदलतं, गावचा नंबर सहसा टिकतो. आधारकार्डाची झेरॉक्स मागू नका, ती मागितली की माणसं बिचकतात. गावच्या फादरांना पत्र पाठवून बाप्तिस्म्याचा दाखला मागवायचं काम चर्चच्या ऑफिसनं करायचं, कामगारानं नव्हे. नोंद सापडत नाही असं होतं, कधी आधारवरचं आडनाव वेगळं निघतं. तेव्हा बाप्तिस्मा पाहिलेल्या एका विश्वासू माणसाची साक्ष पुरते. मोठ्या वयात बाप्तिस्मा घेतला असेल तर त्याची स्वतःची शपथही चालते.

बाळाच्या बाप्तिस्म्याला धर्ममाता किंवा धर्मपिता एकच असला तरी पुरतो. वय सोळा पूर्ण, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणारा संस्कार) झालेलं, आणि अर्थात बाळाचे आईबाप नकोत. दोघं ठेवायचे असतील तर एक त्यांच्यातला आणि एक इथला घ्यावा. बेळगावात त्या बाळाचं हक्काचं एक घर तयार होतं. स्वागतसमारंभ, शाल-नारळ या सगळ्यापेक्षा आम्हाला हे मोलाचं वाटतं.

हिंदी मिस्सा लगेच सुरू करू नका, हे ऐकून त्या बाईंचा जीव भांड्यात पडला. चालू मिस्सातच एक प्रार्थना-विनंती हिंदीत, अर्पणाच्या वेळी त्यांच्या सादरी बोलीतलं एक गीत, आणि हिंदी जाणणाऱ्या धर्मगुरूकडे पापनिवेदनाची सोय, एवढ्यानं सुरुवात होते. वेगळी मिस्सा घाईनं लावली की ती मंडळी एका कोपऱ्यात, बाकीचे दुसऱ्या, आणि ओळख व्हायची ती राहूनच जाते. ज्यांना रविवारी शिफ्ट असते त्यांना शनिवार संध्याकाळच्या मिस्सानं रविवारचं कर्तव्य पूर्ण होतं हे सांगा. पुष्कळांना ते माहीत नसतं आणि ते उगाच अपराधी वाटून घेतात.

एक चूक मात्र महागात पडते. नव्या लोकांचा प्रतिनिधी हवा म्हणून कौन्सिल मुकादमालाच पुढे करतं, कारण त्याला भाषा येते आणि फोन तोच उचलतो. मग मजुरी अडली, कुणी भाजलं, खोलीतून काढलं, यातलं काहीच चर्चपर्यंत पोचत नाही. प्रतिनिधी निवडायचा तर स्वतः पाळीवर जाणारा निवडा, शक्यतो एक बाई आणि एक पुरुष.

केरळहून आलेल्या सिरो-मलबार (स्वतःचा वेगळा उपासनाविधी असलेल्या कॅथलिक चर्चच्या) नर्सेसची गोष्ट थोडी निराळी. त्या इथं लॅटिन विधीच्या मिस्साला कितीही वर्षं आल्या तरी त्यांचा मूळ विधी बदलत नाही. नोंद करताना तो लिहून ठेवा, लग्नाच्या वेळी लागतो.

आणि उद्या निघून गेले तर? बाळाच्या बाप्तिस्म्याची मूळ नोंद बेळगावच्याच रजिस्टरात राहणार. पुढे दृढीकरण झालं, लग्न ठरलं, की दाखल्यासाठी पत्र इथंच येणार आणि त्या नोंदीही याच पानावर चढणार. म्हणून निघताना आईच्या हाती दाखल्याच्या दोन प्रती द्या, मागे चर्चचा पूर्ण पत्ता आणि ऑफिसचा फोन लिहा. पुढचं गाव ठरलं असेल तर तिथल्या फादरांच्या नावे चार ओळींचं पत्रही सोबत द्या.