वाचकांचे प्रश्न : सेर्जियो कोन्सेसांव खेळाडू मोठे की प्रशिक्षक?

प्रश्न : जून २०२५ मध्ये फुटबॉलच्या नेशन्स लीग स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात पोर्तुगालने जर्मनीला म्युनिकमध्ये २-१ असे हरवले आणि त्यात बरोबरीचा गोल फ्रान्सिस्को कोन्सेसांव याने केला. त्याचे वडील सेर्जियो यांनीही पूर्वी जर्मनीविरुद्ध तीन गोल केले होते, असे ऐकले. ते खेळाडू म्हणून मोठे की प्रशिक्षक म्हणून, यावर आमच्या तालमीत वाद चालू आहे. आपले मत काय?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपण ऐकलेत ते खरे आहे. वडिलांनी ते तीन गोल केले २० जून २००० रोजी, रॉटरडॅममध्ये. तेव्हापासून मुलाच्या त्या गोलापर्यंत, म्हणजे तब्बल पंचवीस वर्षे, पोर्तुगालला जर्मनीवर एकही विजय मिळाला नव्हता. युरो स्पर्धेतील त्या सामन्याआधीच पोर्तुगालचा पुढच्या फेरीतील प्रवेश नक्की झाला होता, म्हणून नेहमीच्या खेळाडूंना विश्रांती दिली गेली आणि कोन्सेसांव यांना सुरुवातीपासून खेळायला मिळाले. त्यांचा एक फटका ऑलिव्हर कानसारख्या गोलरक्षकाच्या अंगाखालून निसटून जाळ्यात गेला आणि गतविजेता जर्मन संघ ३-० असा हरून पहिल्याच फेरीत बाहेर पडला.

तरीही माझे मत प्रशिक्षकाच्या बाजूने आहे. उजव्या बाजूने धावणारा हा आघाडीचा खेळाडू पोर्तुगालमधील पोर्तो क्लबकडून लीग जिंकला, १९९९ मध्ये इटलीतील लाझिओकडून युरोपीय कप विनर्स कप आणि पुढच्या वर्षी इटलीचे विजेतेपद जिंकला, नंतर बेल्जियममध्ये स्टँडर्ड लिएजकडून खेळताना २००५ चा गोल्डन शू, म्हणजे तिथल्या लीगमधील सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कारही त्याला मिळाला. मात्र लाझिओचा तो संघ आठवताना लोक नेदवेद, वेरॉन आणि नेस्ता यांचीच नावे आधी घेतात.

प्रशिक्षक म्हणून २०१२ मध्ये त्यांनी ओल्यानेन्स या लहान क्लबपासून सुरुवात केली. डिसेंबर २०१६ मध्ये फ्रान्समधील नाँत संघ वीस संघांत एकोणिसावा असताना त्यांनी तो हाती घेतला आणि हंगामाअखेर सातव्या स्थानावर नेला. २०१७ मध्ये ते पोर्तोत आले तेव्हा प्रतिस्पर्धी बेनफिकाने सलग चार वेळा लीग जिंकलेली होती आणि आर्थिक शिस्तीच्या युरोपीय नियमांमुळे पोर्तोचे हात बांधलेले होते. महागडे खेळाडू घेणे शक्य नसल्यामुळे उसनवारीवर दुसऱ्या क्लबांत पाठवलेले अबुबकर, मारेगा आणि रिकार्दो परेरा यांना परत बोलावून त्यांनी संघ उभा केला, आणि त्याच वर्षी लीग जिंकली. घरात पडून असलेल्या सामानातून घर सजवावे तसे हे काम होते, आणि मला त्यांच्या सगळ्या कारकिर्दीत हेच सर्वांत मोलाचे वाटते. सात हंगामांत तीन लीग विजेतेपदांसह अकरा करंडक त्यांनी पोर्तोला मिळवून दिले. त्या क्लबच्या दुसऱ्या कोणत्याही प्रशिक्षकाला इतके जमलेले नाही.

तालमीतल्या मित्रांना ९ मार्च २०२१ चा तुरिनमधील सामना अवश्य दाखवा. चॅम्पियन्स लीगच्या त्या परतीच्या लढतीत पोर्तोच्या तारेमीला ५४ व्या मिनिटाला लाल कार्डामुळे मैदान सोडावे लागले आणि उरलेला सामना, जादा वेळ धरून, दहा जणांनी इटलीच्या युव्हेंटसविरुद्ध खेळून काढला. ११५ व्या मिनिटाला सेर्जियो ऑलिव्हेरा याने फ्री-किक जमिनीलगत मारली. भिंत करून उभे असलेले युव्हेंटसचे खेळाडू उडी मारत असताना, रोनाल्डोही त्यांतच होता, चेंडू त्यांच्या पायांखालून जाळ्यात शिरला. पोर्तो तो सामना २-३ असा हरले, पण दोन्ही लढती मिळून ४-४ अशी बरोबरी झाल्याने तेव्हाच्या नियमानुसार परक्या मैदानावर केलेल्या जास्त गोलांच्या जोरावर त्यांनीच पुढची फेरी गाठली. सोळाव्या वर्षी वडिलांना अपघातात आणि त्यानंतर दोनच वर्षांत आईलाही गमावलेल्या या माणसाचा चिवटपणा त्या दहा जणांत उतरला होता, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : इतके यश मिळवूनही एसी मिलानमध्ये ते का टिकले नाहीत?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ३० डिसेंबर २०२४ रोजी, हंगाम अर्ध्यावर आलेला असताना त्यांनी देशबांधव पाउलो फोन्सेका यांची जागा घेतली. आठवडाभरातच, ६ जानेवारीला रियाधमध्ये, ०-२ असे मागे पडूनही त्यांच्या संघाने मिलान शहरातल्याच इंटर क्लबला ३-२ असे हरवून इटलीचा सुपर कप जिंकला. इंटरचा दुसरा गोल त्यांच्याच पोर्तोतील जुन्या शिष्याने, तारेमीने, केला होता. पण लीगमध्ये मिलान आठव्या स्थानावर राहिले आणि मे महिन्यात इटालियन कपच्या अंतिम सामन्यात बोलोन्याकडून ०-१ असे हरले. त्यामुळे पुढच्या हंगामात युरोपीय स्पर्धेचे दार बंद झाले, आणि मिलानसारख्या क्लबात एवढ्यावर प्रशिक्षकाला निरोप मिळतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांनी सौदी अरेबियातील अल-इत्तिहाद संघाची सूत्रे घेतली.