आंब्याच्या ओळींत काय पेराल? स्टायलो!

प्रश्न: मुरमाड उतारावर केशर आंब्याची तीन वर्षांची बाग आहे. ओळींमधली जमीन उघडी पडते, खुरपायला मजूर मिळत नाही. एकदा लावलं की फार बघावं लागू नये असं काय लावावं? दुकानदार वेडेलियाच्या काड्या आणि ग्लायफोसेट तणनाशक घ्या म्हणतो.

उत्तर: दोन्ही घेऊ नका. वेडेलिया पिवळ्या फुलांनी छान दिसतो, पण कांडी टेकेल तिथं मूळ धरतो, आळ्यात शिरतो आणि मग निघता निघत नाही. ग्लायफोसेटची शिफारस चहाचे मळे आणि पीक नसलेल्या जागेसाठी आहे. डब्यावरचं लेबल वाचा, दुकानदाराचं तोंड बघू नका. कोवळ्या कलमांवर त्याचा फवारा उडाला तर नुकसान तुमचं.

मुरमाड रानाला स्टायलो (हमाटा) हे चाऱ्याचं पीक पेरा. द्विदल आहे, नत्र स्वतः धरतो, कमी पावसात तगतो आणि शेळ्या आवडीने खातात. एकरी चार किलो बी पुरतं. ‘दाट होण्यासाठी आठ किलो टाका’ असं कुणी सांगितलं तरी टाकू नका, तो बी खपवतोय.

बियाचं कवच कठीण असतं. पाणी तापवा, तळाशी बुडबुडे धरले की उकळी फुटायच्या आत उतरवा. कापडात बांधलेलं बी चार मिनिटं त्यात धरा आणि मग रात्रभर गार पाण्यात ठेवा. उकळत्या पाण्यात टाकलं तर बी मेलंच समजा.

वळवाच्या पावसावर पेरू नका. उगवेल आणि उन्हात जळेल. मृगाचा पाऊस नीट बसू द्या, हातभर ओल जाऊ द्या, मग पेरा. भिजवलेलं बी वाळवून त्यात माती मिसळून फोका आणि वरून बोरीची फांदी ओढा. एक सेंटिमीटरच्या खाली बी गेलं तर उगवत नाही. खोडाभोवती मीटरभर जागा मोकळी सोडा.

एकरी तीन पोती सिंगल सुपर फॉस्फेट पुरे. युरिया नको. पुन्हा सांगतो, युरिया नको. त्यानं गवत माजतं आणि स्टायलो दबतो.

पहिल्या वर्षी वाढ हळू असते, तेव्हा उपटू नका, जनावरं सोडू नका, बी गळू द्या. पुढच्या वर्षापासून पाऊस संपताना वीतभर ठेवून कापा आणि तोच पाला आळ्यात अंथरा.

काळ्या पाणथळ रानात मात्र धैंचा पेरा, फुलोऱ्याला आला की गाडा.

नवी लागवड असेल तर भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करा, बाकी सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहायक) विचारा.