एक पीक धर

प्रिय मुली,

शेती समजावी म्हणून तू हुरड्याला, कृषी पर्यटनाला जाऊन आलीस, हे वाचून बरं वाटलं. पण तिथे आपण पाहुणे असतो, आणि पाहुण्याला घरची ओढाताण कोणी दाखवत नाही. माझं ऐक, एकच पीक धर आणि वर्षभर त्याचा माग काढ. मी कांदा सुचवेन. तो तुझ्या घरात रोज चिरला जातो, आणि नाशिक जिल्हा मुंबईहून काही लांब नाही.

वर्षभर बाजारात एकच कांदा नसतो. पावसाळ्यात लावलेला पोळ आणि त्यामागून येणारा रांगडा, हे लाल कांदे. ते टिकत नाहीत. काढले की विकावेच लागतात. मार्च-एप्रिलला निघणारा उन्हाळ मात्र चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर कोठारात, चार-सहा महिने राहतो. पावसाळाभर तू खातेस तो बहुतेक हाच.

त्याच्या काढणीला जा. पातीच्या माना पडल्या की कांदा उपटतात, पातीनेच झाकून शेतात सुकवतात, मग थोडी नाळ, म्हणजे कांद्यावरचा देठ, राखून पात कापतात. नाळ फार आखूड कापली तर तिथून सड शिरते. पुढे ऐन पावसात त्याच चाळीपाशी उभी राहा. आत किती माल सडला, हे आधी वासावरून कळतं. वजन घटतं, कोंब फुटतात, काजळी धरते. आज विकावा की आणखी थांबावं, या घोरात ते घर महिनोन्महिने असतं. म्हणून सप्टेंबरात भाव चढला की शेतकऱ्याची चांदी झाली, असं लगेच म्हणू नकोस. तोवर अनेकांच्या चाळी रिकाम्या झालेल्या असतात.

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, ती मे २०२४ मध्ये उठली. बंदी आली तेव्हा शेतात लाल कांदा होता. थोडं थांबून विकू, असं म्हणायची सोयच नव्हती. शहराला स्वस्त कांदा मिळावा म्हणून न टिकणारा माल हातात असलेल्या माणसाने झळ सोसायची, हे मला अन्यायाचं वाटतं.

लासलगावच्या कांदा बाजारातला लिलावही बघ. व्यापारी ट्रॅक्टरभोवती जमतात, कांदा हातात घेऊन पाहतात, बोली लागते आणि बघता बघता ट्रॉलीचा भाव ठरतो. फोटो नंतर काढ. आधी त्या शेतकऱ्याला विचार, रोप, लागवडीची मजुरी, काढणी, गाडीभाडं वजा जाऊन हातात काय उरलं. तो सांगेल ते आकडे वहीत लिहून घे आणि मला पाठव. मग पुढचं बोलू.

तुझा,
काका